दबीर स्ट्रीटचं टपाल

नवऱ्याची कुंभकोणम्‌ला बदली झाली ती २०१६ च्या जूनमध्ये. बारा वर्षांनी येणारा महामहमचा उत्सव फेब्रुवारीतच होऊन गेला होता आणि तळ्याभोवतीचे सोळा मंडप रंगरंगोटी करून नुकते मोकळे झाल्यासारखे दिसत होते. पहिल्या आठवड्यात भाजी आणायला निघाले आणि एका गल्लीच्या तोंडाशी पाटी वाचली, दबीर स्ट्रीट. मी पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. सोनोपंत दबीर हे नाव शाळेतल्या इतिहासापासून माहीत होतं. शब्द मूळचा फारसी, अर्थ लिहिणारा, लेखनिक. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं तेव्हापासून १८५५ मध्ये कंपनीने ते राज्य खालसा करेपर्यंत मराठ्यांची गादी या कावेरीकाठी होती, हे वाचलेलं होतं. पण त्या दरबारातला एक हुद्दा अजून टपालाच्या पत्त्यात जिवंत आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच गल्लीजवळ कॉफीची पूड दळून देणाऱ्या दुकानात माझ्यामागे दोघीजणी बोलत होत्या. हेल तमिळ, शब्द मराठी. क्रियापदं अशी, की पणजीच्या तोंडची वाटावीत. मी वळून पाहिलं आणि पुढची दोन वर्षं मी त्या भाषेच्या मागे लागले.

त्यातून लिहायला लागले. दर महिन्याला एक लेख, दोन पानांचा. पहिला सर टी. माधवरावांवर. ते इथलेच, जन्म १८२८ चा. त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशी तीन संस्थानं त्यांनी दिवाण म्हणून सांभाळली. दुसरा सरफोजीराजांच्या छापखान्यावर. तंजावरला १८०६ मध्ये इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापला गेला. मुंबई-पुण्यात मराठी पुस्तकांची छपाई बस्तान बसवायच्या कितीतरी आधी इथे देवनागरी खिळे जुळत होते. तिसरा बृहदीश्वराच्या देवळातल्या मराठी शिलालेखावर. मला वाटायचं, हे सगळं ज्यांचं आहे त्यांना आपण ते परत नेऊन देतो आहोत. लेख ई-मेलने पाठवायचं ठरवलं. खर्च नाही, पोस्टात रांग नाही, आणि मुलं-नातवंडं चेन्नई-बंगळुरूला असली तरी एका क्षणात पोचणार.

माझी पहिली चूक इथेच झाली आणि ती सगळ्यांत वाईट होती.

ओळखीच्या एका घरी लग्न होतं. आमंत्रणांसाठी त्यांनी पाहुण्यांची यादी संगणकावर केली होती, नावं, फोन, ई-मेल. मी मागितली, त्यांनी विश्वासाने दिली. १४० पत्ते. त्यांतल्या एकालाही मी विचारलं नाही की तुम्हाला माझं लिखाण हवं आहे का. मराठी माणसं आहेत, मराठीतलं येतंय म्हटल्यावर आनंदच होईल, हे मी धरूनच चालले. जुलै २०१८ मध्ये, आषाढी एकादशीच्या दिवशी, पहिला लेख रवाना केला. सगळे पत्ते मी ‘प्रति’च्या चौकटीत ओळीने टाकले. त्यामुळे १४० जणांना प्रत्येकी उरलेल्या १३९ जणांचे पत्ते दिसले.

आठ दिवसांत त्या यादीतल्या कुणीतरी सगळ्यांना प्लॉटच्या जाहिराती पाठवायला सुरुवात केली. मग आणखी कुणी गुंतवणुकीची योजना पाठवली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे इतक्या विस्ताराने लिहिलं नसतं. त्या यादीत एक बाई होत्या. सासर सोडून त्या दुसऱ्या गावी राहत होत्या. नवा ई-मेल पत्ता त्यांनी मोजक्या माणसांना दिला होता. सासरचे दोघे त्याच यादीत होते. महिनाभराने त्या बाईंचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला, आणि तुम्ही तो सगळ्यांना का दाखवला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना तो पत्ता बंद करावा लागला. बँकेपासून मुलाच्या शाळेपर्यंत सगळीकडे नवा कळवावा लागला. लिहिणाऱ्याच्या एका बेफिकिरीने दुसऱ्याच्या आयुष्यात काय उलथापालथ होऊ शकते, हे मी त्या फोनवर ऐकलं.

पत्ते एकमेकांपासून झाकणारी चौकट त्याच पडद्यावर, दोन बोटांच्या अंतरावर असते. गुप्त प्रत म्हणतात तिला. मला ती माहीत होती. ऑफिसात काम करताना वापरलीही होती. घाईत वापरली नाही.

मी प्रत्येकाला माझ्या रोजच्या ई-मेलवरून स्वतंत्र पत्र लिहून माफी मागितली. त्याला चार संध्याकाळी लागल्या. ३८ जणांनी नाव काढायला सांगितलं, काढलं. पण ‘तुम्हाला हवं आहे का’ हा प्रश्न मी तेव्हाही उरलेल्यांना विचारला नाही. ज्यांनी नको म्हटलं नाही त्यांना हवं आहे, असाच हिशेब मांडला. लहानपणी आमच्याकडे ‘किर्लोस्कर’ मासिक यायचं. वडील दरवर्षी स्वतःच्या अक्षरात मनीऑर्डरचा फॉर्म भरायचे, तेव्हा पुढचे बारा अंक यायचे. वर्गणीदार या शब्दात ती सही होती, ते आपणहून पुढे केलेले पैसे होते. मी फुकट देत होते म्हणून सही मागायची गरज नाही, असं मला वाटलं. खरं तर फुकट देताना ती जास्तच मागायला हवी होती, कारण वाचकाला नकाराची दुसरी जागाच उरत नाही.

पुढच्या वर्षभरात कुणी कुणी नावं सुचवत गेलं आणि यादी दीडशेच्या पुढे गेली. जून २०१९ मध्ये मी ती नीटनेटकी करायला बसले. एक्सेलमध्ये रकाने केले, नाव, आडनाव, गल्ली, ई-मेल. आडनावाप्रमाणे लावून पाहिलं तर ६१ जण ‘राव’. इकडे आडनाव लिहायची पद्धत नाही. आधी आद्याक्षरं, एक गावाचं, एक वडिलांच्या नावाचं, मग स्वतःचं नाव, आणि आपल्या मंडळींत शेवटी राव. टी. माधवरावांच्या नावातला ‘टी’ हा तंजावरचाच. हे मी माझ्याच पहिल्या लेखात लिहिलं होतं. यादी करताना मात्र मी आमच्या साताऱ्याच्या सवयीने बसले, आणि आडनाव अन् गल्ली जुळली की ‘दोनदा आलेली नावं काढा’ हे बटण दाबलं. २३ ओळी नाहीशा झाल्या. मी त्यांना चुकून दोनदा आलेली माणसं समजले. ते भाऊ होते, शेजारी होते, एकाच गल्लीत राहणारे बाप-लेक होते.

सात महिने एकाचीही तक्रार आली नाही. ज्याच्याकडे पत्र येत नाही त्याला ते निघालं होतं हेच कळत नाही, तो तक्रार कशाची करणार? मी मात्र त्या शांततेचा अर्थ सगळं सुरळीत आहे असा लावला. जानेवारी २०२० मध्ये त्याच कॉफीच्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, “तुम्ही लिहिणं थांबवलंत का? आम्हाला वाटलं, बरं नसेल.” ते २३ जणांपैकी एक होते.

त्याच आठवड्यात संक्रांत होती. दबीर स्ट्रीटवरच्या एका मावशींनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. मावशी पंचाहत्तरीच्या. त्यांचं मराठी इतकं गोड, की मी पहिल्यापासून त्यांच्यासमोर बसून नुसती ऐकायची. (त्यांचं बोलणं इथे माझ्या मराठीत देते, त्यांच्या बोलीतलं तंतोतंत कागदावर उतरवणं मला अजून साधत नाही.) तिळगूळ झाला, पितळी डबरा-टंबलरमधून कॉफी झाली. मग त्या मला देवघरात घेऊन गेल्या. देवांच्या फळीखाली एक लाकडी कपाट होतं. त्यातून त्यांनी कागदांची चळत काढली. माझे लेख. नातवाने प्रत्येक महिन्याचा छापून आणून दिलेला, सगळे अठरा. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट. घड्या पडू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा घातलेला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, “मावशी, यांतला कुठला आवडला?”

त्या म्हणाल्या, “बाळ, मला हे अक्षर येत नाही. तू वाचून दाखव.”

मावशींचं सगळं शिक्षण तमिळमध्ये झालं होतं. मराठी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली, पण त्यांच्यापर्यंत येईतो मोडी गेली होती आणि देवनागरी शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांच्या धाकट्या जावेने लग्नाआधी हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा दिल्या होत्या, राष्ट्रभाषेपर्यंत, म्हणून ती अडखळत वाचू शकायची. पण ती चेन्नईला. तमिळनाडूच्या सरकारी शाळांत १९६८ पासून दोनच भाषा आहेत, तमिळ आणि इंग्रजी. हे मला माहीत होतं. इथे येऊन साडेतीन वर्षं झाली होती, भोवती सगळ्या पाट्या तमिळ होत्या, दुकानातल्या याद्या तमिळ, देवळातल्या पावत्या तमिळ. तरीही मराठी बोलणारा माणूस मराठी वाचतोच, हे माझ्या मनात इतकं घट्ट होतं की मला शंकासुद्धा आली नाही. दीड वर्ष मी त्यांच्याच घराण्यांच्या गोष्टी त्यांना न येणाऱ्या अक्षरांत पाठवत होते.

“मग मला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“नातवाने लिहिलं होतं की तुला.”

त्या दुपारी मी त्यांना चार लेख वाचून दाखवले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच थांबवून त्यांनी माझा एक चुकलेला नातेसंबंधही दुरुस्त केला.

घरी आल्यावर नातवाचं पत्र शोधलं आणि पुढची चूक उघडी पडली. लेख पाठवायला मी वेगळा पत्ता काढला होता, म्हणजे माझ्या रोजच्या पत्रांत गर्दी नको. त्या पत्त्यावर आलेली उत्तरं मी दीड वर्षात एकदाही उघडली नव्हती. तिथे ६४ पत्रं होती. नातवाचं ऑगस्ट २०१८ चं होतं, इंग्रजीत, अगदी नम्र. आजीला वाचता येत नाही, तमिळ अक्षरांत पाठवाल का, आम्ही मदत करू. कुणी माधवरावांच्या घराण्याबद्दल माहिती कळवली होती. कुणी आशीर्वाद दिले होते. अकरा जणांनी थांबवा म्हणून लिहिलं होतं. त्यात एका मुलीची चार पत्रं होती. तिचे वडील गेले होते आणि माझा लेख दर महिन्याला त्यांच्या नावाने, ‘सप्रेम नमस्कार’ घालून, येतच होता. पत्ता त्यांचाच, तो ती अजून चालवत होती, कारण त्यांची पेन्शनची आणि बँकेची कामं संपायची होती. पहिलं पत्र सविस्तर. दुसरं चार ओळींचं. तिसरं दोन. चौथ्यात फक्त, “कृपया थांबवा.”

मी तिला त्याच रात्री फोन केला. ती रागावली नाही. म्हणाली, “वाचत होते ते. छापून ठेवलेत मी. पण नाव बघवत नव्हतं.”

थांबवायची वाट वाचकाला सहज सापडली पाहिजे, ही शिष्टाचाराची बाब तर आहेच, पण टपालाच्या यंत्रणेचीही आहे. ज्याला थांबवता येत नाही तो शेवटी ‘स्पॅम’चं बटण दाबतो. तसं बऱ्याच जणांनी केलं की यंत्रणा त्या पाठवणाऱ्यावरचा विश्वास काढून घेते, आणि ज्यांना खरंच हवं आहे त्यांच्याकडेही पत्र कचऱ्याच्या कप्प्यात जाऊन पडतं. दिवसाला ५००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना जीमेलने २०२४ पासून एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय सक्तीची केली. माझी पत्रं दीडशेच्या आसपास. नियम मला लागू नव्हता. पण त्या मुलीला लागू होता, असं मी मानते.

फेब्रुवारीचा लेख मी लिहिलाच नाही. लग्नाची मूळ यादी, नंतरची नावं, काढून टाकलेले राव, सगळे पुन्हा एकत्र केले आणि आधीच नको म्हटलेल्यांना सोडून उरलेल्या १५० जणांना विचारायला निघाले. ई-मेलने एक छोटं पत्र, देवनागरीत, तमिळमध्ये आणि इंग्रजीत. तुम्हाला हे लेख हवे आहेत का? असतील तर खालच्या ओळीवर बोट ठेवा. उत्तर आलं नाही तर मी पुन्हा पाठवणार नाही. ही खातरजमा आणखी एका कामाला आली. हाताने लिहून दिलेल्या पत्त्यांत इंग्रजी एल आणि एक हा आकडा मी कितीतरी ठिकाणी अदलाबदल केला होता, म्हणजे काही लेख भलत्याच कुणाकडे तरी जात होते. ज्यांचं उत्तर नाही त्यांतल्या जवळच्यांकडे मी चालत गेले, लांबच्यांना फोन केले. मार्चच्या शेवटी टाळेबंदी आली आणि चालणं थांबलं.

५८ जण हो म्हणाले. १४ जण नको म्हणाले. ७८ जणांकडून काहीच नाही. दीडशेवरून अठ्ठावन्नवर येणं मला एक-दोन दिवस जड गेलं. मग त्या ५८ नावांखाली प्रत्येकाने काय मागितलं आहे ते पाहायला लागले. देवनागरीत हवं असणारे २१. तमिळ अक्षरांत मराठी हवं असणारे २६. आणि ११ जणांना कानाने ऐकायचं होतं.

तमिळ अक्षरांत मराठी कसं लिहायचं, ते मावशींच्याच कपाटात होतं. गोविंदपुरमच्या विठ्ठल मंदिरात जाणारी इथली कितीतरी तमिळ माणसं तुकोबांचे अभंग म्हणतात. त्यांची पुस्तकं तमिळ लिपीतच असतात, तसंच एक मावशींकडे होतं. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. म्हणून छापताना त्या अक्षराच्या खांद्यावर बारीक आकडा घालतात, ख असेल तर २, ग असेल तर ३, घ असेल तर ४. त, प यांच्या वर्गालाही हेच. मी पहिल्यांदा घाई केली, संगणकाकडून लिपी बदलून घेतली आणि आकडे गाळले. पान स्वच्छ दिसावं म्हणून. मावशींनी मोठ्याने वाचलं, “काडी आली.” मी लिहिलं होतं, गाडी आली. ‘बाग’चा ‘पाग’ झाला. त्यांनी मान हलवली, अभंगाचं पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि आकड्यांवर बोट फिरवलं. ळ मात्र दोन्हीकडे तोच. त्याला आकडा लागत नाही. तो आला की मावशी हसायच्या.

आता दर महिन्याला आकडे मी हाताने घालते. दोन पानांना सव्वा तास लागतो.

ज्यांना स्वतःचा ई-मेल नाही अशा नऊजणी ५८ मध्येच आहेत. त्यांना कागदावर जातं, वीस ग्रॅमच्या आत बसेल असं, साध्या पाकिटात. तिथेही मी चुकले. सगळ्यांच्या पत्त्यावर कुंभकोणम् म्हणून ६१२००१ ठोकून दिलं. दारासुरमचा पिन ६१२७०२ आहे, तिथली पाकिटं उशिरा पोचली. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी, संस्कृतचे कवी, टपाल खात्यातले अधिकारी. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, ६ म्हणजे दक्षिणेकडचा हा पट्टा, आणि शेवटचे तीन थेट वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत नेतात. एकाच नावाची गावं आणि अनेक लिप्यांतले पत्ते, यांतून पत्र नेमक्या दाराशी जावं म्हणून ती पद्धत आली. ते वाचून मी नऊ पाकिटांचे पिन एकेक करून विचारून घेतले. पत्ता आता तमिळमध्येही लिहिते, पोस्टमनला सोपं जावं म्हणून.

ज्या बाईंचा पत्ता मी उघडा पाडला, त्यांनी माझी माफी ऐकून घेतली होती. लेख नको म्हणाल्या. त्यांचं नाव माझ्याकडे कुठल्याही यादीत नाही.

परवा मावशींकडे नव्या महिन्याचा लेख द्यायला गेले. नातू मुंबईला नोकरीला गेला, तेव्हापासून त्यांचा कागद मीच नेऊन देते. त्यांची एक भाची आली होती, मन्नारगुडीची. तिने दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, मलाही पाठवा. मावशी मला म्हणाल्या, “लिहून घे हिचं नाव.” मी पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन भाचीच्या हातात दिलं. तिने नाव लिहिलं, तमिळमध्ये, आद्याक्षरं आधी. मग पत्ता. मग विचारलं, “थांबवायचं असेल तर कुणाला सांगायचं?” त्या पानाच्या तळाशी मी माझा फोन नंबर लिहिला, पान फाडून अर्धं तिला दिलं, अर्धं वहीत ठेवलं.